खुर्चीवरील नमाज आणि पायांची अमानत



गेल्या शाबान महिन्यातील गोष्ट. असरची नमाज झाल्यावर आमच्या मशिदीतील एक सद्गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या वडिलांच्या निधनास वर्ष होत आले होते आणि ईसाले सवाबच्या हेतूने मशिदीला काही वस्तू देण्याचा त्यांचा मानस होता. मला वाटले, कुरआन शरीफच्या प्रती असतील, नाहीतर वुजूखान्यासाठी पाण्याची टाकी. ते म्हणाले, "मौलाना, दहा खुर्च्या द्याव्यात म्हणतो. रमजानमध्ये तरावीहला खुर्च्या पुरत नाहीत." मी त्यांना दुआ दिली आणि दोन दिवसांत कळवतो असे सांगितले.

यात कळवण्यासारखे काय होते, असे तुम्ही विचाराल. खरोखरच काही नव्हते. खुर्च्या पुरत नाहीत हे मी रोज पाहतो. नऊ वर्षांपूर्वी पनवेलच्या या मशिदीत इमामतीसाठी आलो, तेव्हा मागच्या भिंतीशी चार खुर्च्या असत आणि त्यांवर बसणारे चारही बुजुर्ग सत्तरी ओलांडलेले होते. अल्लाह त्यांच्यापैकी तिघांची मगफिरत करो. परवाच्या जुम्याला खुतब्यासाठी उभा असताना मी नकळत मोजू लागलो, तर सव्वीस भरल्या. आणि त्यांवरील निम्म्याहून अधिक माणसे माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनीच मोठी. माझ्या मनात जो प्रश्न अडकून राहिला होता तो खुर्च्या घ्याव्यात की नाही हा नव्हता. ही माणसे खुर्चीपर्यंत आली कशी, आणि या येण्याचा जाब कोणाला द्यावा लागणार आहे, हा होता.

प्रथम जे निर्विवाद आहे ते सांगून टाकतो, म्हणजे कोणाच्या मनाला दुखापत नको. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजविषयी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना उभे राहून नमाज अदा करण्यास सांगितले, ते न जमल्यास बसून, आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून. ही सवलत अल्लाहची रहमत आहे. तो कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकत नाही. तेव्हा गुडघा दुखणाऱ्या माणसाकडे मागच्या सफमधून कोणी तिरकस नजरेने पाहत असेल, तर दोष पाहणाऱ्याचा आहे. "लोकलमध्ये सव्वा तास उभे राहता येते, मग नमाजमध्ये का नाही?" हा टोमणा मी अनेकदा ऐकला आहे. टोमणा मारणाऱ्याला ठाऊक नसते की कित्येकांची अडचण उभे राहण्याची नसतेच. सजद्यासाठी खाली जाणे आणि पुन्हा वर येणे त्यांना जमत नाही.

आपल्या पनवेलमध्ये तर यात आणखी एक बारकावा आहे. जुन्या गावातील कोकणी घराणी शाफई मसलकाची. कामधंद्यासाठी उत्तरेतून आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबे बहुधा हनफी. ज्याला उभे राहता येते पण सजदा करता येत नाही, त्याला हनफी फिक्हनुसार बसून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची मुभा आहे. शाफई फिक्हनुसार मात्र जो अरकान जमतो तो सुटत नाही: उभे राहता येते तर कियाम उभ्यानेच, मग पुढच्या अरकानासाठी खुर्ची. एकाच सफमध्ये दोन शेजारी दोन वेगळ्या पद्धतींनी खुर्ची वापरतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. आपापल्या आलिमला विचारून घ्यावे, शेजाऱ्याचे पाहून करू नये, एवढेच यावर सांगणे.

आता मूळ प्रश्नाकडे. प्रेषित (सल्ल.) ज्या गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागत, त्यांत दोन शब्द एकामागोमाग येतात: 'अज्ज' आणि 'कसल'. आपण दुआ पाठ करतो आणि दोन्हींचा अर्थ 'आळस, कमजोरी' असा एका दमात सांगून मोकळे होतो. मदरशात आमच्या उस्तादांनी हा फरक समजावण्यासाठी एक संपूर्ण तास घेतला होता. अज्ज म्हणजे असमर्थता: इच्छा आहे, पण शक्ती नाही. कसल म्हणजे आळस: शक्ती आहे, पण इच्छा उठत नाही. शरीअत अज्जला सवलत देते, कसलला देत नाही. मुनाफिकांचे वर्णन करताना कुरआनने ते नमाजला आळसावून उभे राहतात असे म्हटले आहे, तिथे मूळ शब्द कसलच्याच धातूतला आहे.

तेव्हा मी विद्यार्थी होतो, अंगात ताकद होती, आणि हे दोन शब्द मला दोन वेगळ्या खोल्यांसारखे वाटले. माणूस एकतर या खोलीत असतो, नाहीतर त्या. आज मला दिसते की त्यांच्यामध्ये दार आहे आणि ते उघडेच असते. पस्तिसाव्या वर्षी जिना चढण्याचा कंटाळा हा कसल आहे. पन्नासाव्या वर्षी जिना न चढवणे हा अज्ज आहे. मधल्या पंधरा वर्षांत कोणत्या दिवशी एकाचे दुसरे झाले, हे त्या माणसालाही सांगता येत नाही.

मग अशा अज्जचे काय करायचे, जो आपणच आपल्या हाताने घडवला? आपले फुकहा किती दूरवर विचार करीत याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. शाफई ग्रंथांत हा प्रश्न जवळजवळ याच रूपात आलेला आहे: एखाद्याने काही गरज नसताना उंचावरून उडी मारली, त्याचा पाय मोडला आणि त्याला बसून नमाज अदा करावी लागली, तर बरे झाल्यावर त्या नमाजची कजा करावी का? अधिक ग्राह्य मत असे की करू नये. पाय मोडला आहे हे आजचे वास्तव आहे, आणि हुकूम आजच्या वास्तवावर लागतो. त्याची नमाज पूर्ण आहे. पण म्हणून ती उडी शहाणपणाची ठरत नाही. नमाजचा हिशोब वेगळा आणि उडीचा वेगळा.

आपण तर उडीही मारली नाही, वाचकहो. आपण नुसते बसलो. उडी मारणाऱ्याला निदान एक क्षण असतो ज्याकडे बोट दाखवून तो म्हणू शकतो, इथे माझे चुकले. बसणाऱ्याला असा क्षण सापडत नाही. म्हणूनच त्याला तौबा करणे अवघड जाते.

मदरशातून फारिग झाल्यावर मी मराठी घेऊन बी.ए. केले. तेव्हापासून एक खोड जडली आहे, शब्दांचे कुळ पाहण्याची. मराठीत 'बसणे' हे क्रियापद कुठे कुठे येते पाहा. धंदा बसतो, घसा बसतो, भिंत बसते, बाजार बसतो. आणि 'उभे राहणे'? पीक उभे असते, संसार उभा राहतो, संकटात माणूस पाठीशी उभा राहतो. अरबीतही काहीसे असेच आहे. कियाम, इकामत, इस्तिकामत हे सारे एका धातूचे, उभे राहण्याचे. आणि ज्या दिवशी सर्वांना उभे राहायचे आहे तो दिवस कियामतचा, तोही त्याच धातूतून. नबुव्वतच्या आरंभीच चादर पांघरलेल्या प्रेषितांना (सल्ल.) उठण्याची आज्ञा झाली होती. याचा अर्थ बसणे वाईट असा मात्र नव्हे. इल्मच्या मजलिशीत बसूनच शिकायचे असते. उभे, बसलेले आणि कुशीवर पडलेले अशा तिन्ही अवस्थांत अल्लाहला आठवणाऱ्यांची कुरआनने प्रशंसा केली आहे. निषेध बसण्याचा नाही. उठणेच विसरून जावे, इतके बसण्याबद्दल मी बोलतो आहे.

आपले गाव तर चालत्या माणसांचे गाव होते. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून गलबतांतून आलेला माल पनवेलच्या खाडीत उतरे आणि बैलगाड्यांवर लादून बोरघाटाकडे जाई. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये पनवेलच्या उद्योगांत बैलगाडीच्या चाकांचा पहिला मान आहे. घाटावरचा गाडीवान इथून चाकांची जोडी नेण्यास धडपडत असे. हमाल, तांडेल, सुतार, गाडीवान अशा माणसांच्या जोरावर १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, द्रुतगती महामार्ग तर आधीच आला होता, आता शेजारी विमानतळही उभे राहिले आहे. चाके वाढली. पाय कमी झाले.

हे केवळ आपल्या मोहल्ल्याचे दुखणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. भारतात हे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ मध्ये जवळपास ५० टक्क्यांवर गेले. पुरेशी हालचाल म्हणजे काही मल्लखांब नव्हे: आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, झपाझप चालणे. देशातील निम्म्या प्रौढांना एवढेही होत नाही. मधुमेहाने ग्रासलेल्या आपल्या देशबांधवांची संख्या १० कोटींवर गेल्याचे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आले, त्यामागील कारणांत हेही एक आहे.

शरीराचा आणि बसण्याचा हा संबंध प्रथम ठळकपणे दाखवून दिला तो जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी, १९५३ मध्ये. त्यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. एकच बस, एकाच वर्गातली माणसे, सारखाच कामाचा दिवस. चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढे-उतरे. हृदयविकार चालकांमध्ये स्पष्टपणे अधिक आढळला. मॉरिस स्वतः व्यायामाचे पक्के होते आणि नव्व्याण्णव वर्षे जगले. आयुष्य अल्लाहच्या हाती आहे, ते चालण्याने विकत मिळत नाही. पण हाती असलेल्या आयुष्यात स्वतःच्या पायांवर उभे राहता येणे, याला काही मोल आहे की नाही?

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख अन्यायाचा ठरेल. बसणारे सगळे आळशी नसतात. मॉरिस यांचा तो चालक आळशी नव्हता. त्याचे कामच बसण्याचे होते. आपल्या मशिदीतील कितीतरी जण कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रक घेऊन निघतात आणि दहा-दहा तास स्टिअरिंगमागे असतात. कोणी रिक्षा चालवतो, कोणी बेलापूरला संगणकापुढे बसतो, कोणी गल्ल्यावर. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री नऊला परतणारा माणूस चालायला कधी जाणार? हलाल रोजीसाठी बसावे लागणे हे पाप नाही, ती मेहनतच आहे. अशा माणसाला खुर्चीवर पाहून माझ्या मनात आदरच येतो. मी विचारतो ते त्या तासांविषयी, जे आपल्या हातात आहेत. मशिदीपासून अडीचशे पावलांवर राहणारा तरुण फजरला स्कूटर काढून येतो, त्या अडीचशे पावलांविषयी.

बनू सलमाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यांची घरे मस्जिदे नबवीपासून दूर होती. जवळ जागा मोकळी झाली तेव्हा त्यांनी तिथे स्थलांतर करण्याचे ठरवले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना आपल्या घरीच राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले लिहिली जात होती. आज आपल्या खिशातला मोबाइलही पावले मोजतो. मला त्याची गंमत वाटते. रात्री झोपताना माणूस तो आकडा पाहून हळहळतो, आणि ज्या नोंदवहीत तीच पावले नेकी म्हणून चढतात तिची त्याला आठवण नसते. स्कूटरने येऊन त्याने दोन्ही वह्या कोऱ्या ठेवलेल्या असतात.

दुसऱ्यांविषयी लिहिणे सोपे असते. आता स्वतःविषयी लिहितो. इमामाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला वाटते त्याहून फार अधिक बसण्याचे आहे. सकाळी मक्तबमध्ये मुलांना शिकवणे, दुपारी वाचन, संध्याकाळी लोकांच्या अडचणी ऐकणे, रात्री कोणाच्या निकाहची, अकीक्याची दावत. बिर्याणीला नाही म्हटले तर यजमान नाराज. माझे वडील श्रीवर्धनकडच्या आमच्या गावी भातशेती करीत. चिखलणी करताना त्यांच्या पोटऱ्या पाहिलेल्या मला आठवतात. माझ्या पोटऱ्यांकडे मी कधी पाहिले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मोहल्ल्यातील एका बुजुर्गांचा जनाजा होता. मय्यतगाडी होती, पण घरच्यांनी सुन्नतप्रमाणे खांद्यावर नेण्याचे ठरवले. मी पुढचा पाया धरला. शंभर-दीडशे पावले गेलो असेन, मला धाप लागली. घाम फुटला. मागच्या तरुणाने हळूच "हजरत, मी घेतो" म्हणून खांदा लावला आणि मी बाजूला झालो. कब्रस्तानात पोहोचेपर्यंत माझा श्वास जागेवर आला नव्हता. जनाजाची नमाज पढवताना माझा आवाज तुटत होता. लोकांना वाटले मौलाना गहिवरले आहेत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, याची मला आजही शरम वाटते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय छत्तीस.

त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की हा विषय वैद्यकाचा तर आहेच, पण तेवढाच नाही. मय्यतीला खांदा देणे हा एका मुसलमानावर दुसऱ्या मुसलमानाचा हक्क आहे, आणि तो हक्क अदा करण्यासाठी मला जे शरीर दिले होते ते मी गादीवर बसून संपवत आणले होते. आजाऱ्याची विचारपूस करायची तर चौथ्या मजल्यावर चढावे लागते. पूर आला, आग लागली, शेजारी पडला, तर धावावे लागते. शरीर माझे असते तर मी त्याचे काहीही करू शकलो असतो. ते अमानत आहे, आणि या अमानतीवर इतरांचेही हक्क आहेत.

'तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे' या आशयाची हदीस आपण विश्रांतीच्या समर्थनासाठी वारंवार वापरतो, म्हणून तिचा प्रसंग सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत, त्यांना प्रेषितांनी (सल्ल.) आवरले. शरीराचा हक्क सांगितला गेला तो इबादतीत शरीर झिजवून टाकणाऱ्याला. सोफ्यावर पडून असलेल्या माणसाने ती हदीस स्वतःच्या बाजूने सांगावी, हे मला धाडसाचे वाटते. त्या शरीराचा हक्क विश्रांतीचा होता. या शरीराचा हक्क हलण्याचा आहे.

आणि दुसरी एक हदीस. कियामतच्या दिवशी बंद्याचे पाय जागचे हलणार नाहीत, जोवर त्याला काही प्रश्न विचारले जात नाहीत: आयुष्य कशात घालवले, इल्मवर किती अंमल केला, संपत्ती कुठून मिळवली आणि कुठे खर्चिली, आणि शरीर कशात झिजवले. हा शेवटचा प्रश्न मी वर्षानुवर्षे मिंबरवरून सांगत आलो, पण त्यातील क्रियापदाकडे माझे लक्ष गेले नव्हते. शरीर सांभाळले का, असे विचारलेले नाही. कशात झिजवले, असे विचारले आहे. म्हणजे शरीर झिजण्यासाठीच दिले आहे. नांगराचा फाळ झिजतोही आणि कोपऱ्यात पडून गंजतोही. दोन्हींनी तो संपतो. पण ज्याचा फाळ गंजून संपला, तो मालकाला कोणते शेत दाखवणार?

काही बांधव म्हणतात, "मौलाना, पाच वेळची नमाज हाच आपला व्यायाम." हे ऐकायला गोड वाटते आणि काही वक्ते ते मोठ्या अभिमानाने सांगतातही. मला ते दोन्ही बाजूंनी पटत नाही. नमाज इबादत आहे. ती गुडघ्यांसाठी अदा केली तर निय्यतच हलते. आणि नुसत्या व्यायामाच्या हिशोबाने पाहिले तरी दिवसाच्या सतरा फर्ज रकअतींनी हृदयाची गती तेवढी वाढत नाही, जेवढी झपाझप चालण्याने वाढते. नमाजमुळे माणूस दिवसातून पाच वेळा जागेवरून उठतो, हा लाभ मोठा आहे, पण तो नमाजचा प्रसाद आहे, प्रयोजन नव्हे. उलट मी असे म्हणेन: नमाज व्यायामाचे काम करीत नाही, पण व्यायाम नमाजच्या कामी येतो. ज्याला साठाव्या वर्षी पूर्ण सजदा करायचा आहे, त्याने चाळिसाव्या वर्षी गुडघ्यांची काळजी घ्यावी.

तेच हजचे. मुंबईच्या हज हाऊसमधून पत्र आले की आमच्याकडची मंडळी एकाएकी चालायला लागतात. साठ वर्षे जे पाय जिन्याला घाबरले त्यांना दोन महिन्यांत सफा-मरवाच्या सात फेऱ्यांसाठी तयार करायचे असते. सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या आसपास, शिवाय तवाफ, मिना, जमरात. गेल्या काही वर्षांत हाजींना निरोप देताना मी पाहतो, व्हीलचेअरची चौकशी तिकिटाआधी होते. अल्लाहने हज फर्ज केला तो जाण्याची ताकद असणाऱ्यावर. ती ताकद आपण पैशात मोजतो. ती पायांचीही असते.

सफा-मरवाचा उल्लेख आला म्हणून स्त्रियांविषयी. जगभरातील हाजी ज्या धावण्याची आठवण जागवतात ते एका स्त्रीचे धावणे आहे, हजरत हाजरा (अलै.) यांचे. प्रेषित (सल्ल.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रवासात धावण्याची शर्यत लावली होती, पहिल्यांदा त्या जिंकल्या, आणि पुढे त्यांचे अंग भरल्यावर आप (सल्ल.) जिंकले व हसून म्हणाले की ही त्याची परतफेड. हे आपण जाणतो. तरीही आमच्या मोहल्ल्यातील चार-सहा भगिनींनी सकाळी वडाळे तलावावर फिरायला जाण्यास सुरुवात केली, तेव्हा माझ्याकडे तक्रार आली. "बायका चालायला बाहेर पडतात, हे शोभते का?" मी विचारले, त्याच भगिनी भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला, दवाखान्यात रांग लावायला बाहेर पडतात तेव्हा शोभते ना? वर सांगितलेल्या पाहणीत भारतीय पुरुषांपैकी ४२ टक्के अपुरी हालचाल करणारे आहेत आणि स्त्रियांपैकी ५७ टक्के. घरकामात स्त्री थकते हे खरे, पण थकणे आणि शरीर सक्षम होणे या दोन गोष्टी आहेत. अंगभर सभ्य कपडे घालून, सोबतिणींबरोबर तळ्याकाठी चालणाऱ्या स्त्रीला अडवण्याला मला शरीअतमध्ये आधार सापडत नाही. अडवणाऱ्यांनी निदान तिच्या इन्सुलिनचा खर्च तरी आनंदाने करावा.

पुरुषांच्या बसण्याची एक बाजू अशी आहे जिच्यावर डॉक्टर बोलत नाहीत, पण आम्हाला बोलावे लागते. आपण बसतो, तेव्हा बहुधा आपल्या ऐवजी कोणीतरी उठलेले असते. "पाणी आण गं" म्हटले की मुलगी अभ्यासावरून उठते. "चहा ठेव" म्हटले की दिवसभर उभी असलेली पत्नी पुन्हा उभी राहते. कोपऱ्यावरच्या दुकानातले दूध मोबाइलवरून मागवले की कोणाचा तरी मुलगा भर पावसात तीन जिने चढतो. काही सहाबींनी प्रेषितांना (सल्ल.) वचन दिले होते की आम्ही लोकांकडे काही मागणार नाही. हजरत औफ बिन मालिक (रजि.) सांगतात, त्यांच्यापैकी कोणाच्या हातून स्वारीवर असताना चाबूक खाली पडला, तरी ते कोणाला उचलून द्यायला सांगत नसत. चाबूक! आमच्या हातून रिमोट पडतो आणि आम्ही दुसऱ्या खोलीतल्या मुलाला हाक मारतो. हजरत आयेशांना (रजि.) कोणी विचारले की प्रेषित (सल्ल.) घरी काय करीत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. सुन्नत म्हणून दाढी आणि मिसवाक आपल्याला आठवतात. स्वतः उठून पाणी घेणेही त्याच जीवनातले आहे.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांविषयी एक शब्द. मला त्यांच्याबद्दल कौतुक आहे. पण आरशासमोर दोन तास आणि फजरला झोप, हेही कशात झिजवले या प्रश्नाचे अवघड उत्तर आहे. असो.

दोन दिवसांनी मी त्या सद्गृहस्थांना फोन करून सांगितले की खुर्च्या जरूर आणा, अल्लाह तुमच्या वडिलांना त्याचा सवाब पोहोचवो. ज्याला गरज आहे त्याच्या रुखसतच्या आड येण्याचा इमामाला अधिकार नाही. रमजानच्या दोन दिवस आधी दहा खुर्च्या आल्या. पहिल्या अशऱ्यातच त्या भरल्या. आठव्या तरावीहला त्यांपैकी एकीवर ते स्वतः बसलेले दिसले. वय सत्तेचाळीस. वित्रनंतर भेटले तेव्हा म्हणाले, "उजवा गुडघा, मौलाना. वर्षभर टाळत होतो." मी त्यांना काही तत्त्वज्ञान सांगितले नाही. मी त्यांना माझ्या जनाजाच्या दिवसाची खरी हकीकत सांगितली, जी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

शव्वालपासून फजरनंतर आम्ही दोघे तळ्याला फेऱ्या मारतो. डॉक्टरांनी त्यांना मांड्यांचे काही व्यायाम दिले आहेत, ते त्यांना कंटाळवाणे वाटतात आणि चालताना ते त्याबद्दल तक्रार करीत राहतात. पहिल्या आठवड्यात एक फेरी होत असे, आता तीन होतात. माझी साखर किंचित उतरली आहे. त्यांना अजून सजदा पूर्ण जमत नाही, पण कियाम आणि रुकूअ ते उभ्याने करू लागले आहेत; खुर्ची मागे असते. आता मृग लागला आहे, पहाटे पाऊस धरून असतो. काल आम्ही छत्र्या घेऊन गेलो.